तांब्याचे औषध मुख्य टाकीत नको


खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावरील गेल्या अंकातील लेखात, माशांवर पांढरे ठिपके दिसताच टाकीत तांबेयुक्त औषध घाला, असे म्हटले आहे. हे जसेच्या तसे केले तर मासे कदाचित वाचतील. प्रवाळ, कोळंबी, शंख मात्र हमखास दगावतील. शिवाय तांबे खडकांत नि वाळूत मुरून बसते ते वेगळेच.

हे ठिपके क्रिप्टोकॅरियॉन या एकपेशीय परजीवीचे. तो माशाच्या त्वचेत दडलेला असताना किंवा वाळूवर कोश करून बसला असताना औषध त्याला शिवत नाही. कोशातून सुटून नव्या माशाच्या शोधात पोहणारी पिल्लेच तेवढी मरतात. म्हणून चार दिवसांत ठिपके गेले की ‘गुण आला’ म्हणणे फसवे; परजीवी फक्त तळाला उतरलेला असतो.

म्हणून झाडून सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवावेत, तांबे तिथेच द्यावे आणि त्याची मात्रा रोज तपासावी. परजीवीला मासाच मिळू नये म्हणून मुख्य टाकी सुमारे ७६ दिवस माशांविना चालवावी. एकही मासा मागे राहिला तर सगळे मुसळ केरात.

पुढील अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे