प्लंबर मारिओ आणि सत्तर तारे

गेल्या जून महिन्यात श्रमिकनगरातील एका ताईंचा निरोप आला. "भाऊ, रविवारी जरा घरी येऊन जा. पोरगं दहावीला दोन विषयांत गेलंय. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचं नावच घेत नाही, दिवसभर कॉम्प्युटरवर खेळत बसतं. त्याचे पप्पा म्हणतात, कंत्राटदाराकडे हेल्परला लावून टाकतो." असे निरोप आम्हाला नवीन नाहीत. नोकरी कारकुनाची, पण वस्तीत कोणाचा दाखला अडला, कोणाचे पोर शाळा सोडून बसले, की आम्हाला बोलावणे येते. जाताना रस्त्याने चार वाक्ये मनाशी जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही त्या दिवशी उपयोगी पडले नाही.

खोली दहा बाय बाराची. कोपऱ्यात करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर. त्यासमोर पाठमोरा बसलेला मुलगा, हातात स्वस्तातला रिमोट. "काका आलेत, बंद कर ते," असे ताई म्हणाल्या. पण आमचेच लक्ष पडद्यावर गेले. लाल टोपी, निळी डांगरी, जाड मिशा. हा गडी आमच्या ओळखीचा निघाला!

वाचकहो, खरे सांगायचे तर आमचेही बालपण या बाबतीत फारसे स्वच्छ नाही. १९९४ च्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाने टीव्हीला कॅसेटचा गेम जोडून दुकान मांडले होते. रुपया दिला की थोडा वेळ खेळायला मिळे, आणि मागे उभ्या पोरांची रांग असे. दळणाचे सुटे पैसे तिथे गेले म्हणून वडिलांनी फर्स्ट शिफ्टवरून येता येता आम्हाला कानाला धरून घरी आणले होते. तो हाच मारिओ. फरक एवढाच, की तेव्हाचा मारिओ डावीकडून उजवीकडे पळायचा. मागे राहिले ते गेले, परत फिरता येत नसे. हा मात्र आमच्याकडे तोंड करून धावत आला, गर्रकन वळला, झाडावर चढला आणि शेंड्यावर हातांवर उलटा उभा राहिला.

"हा कोणता रे?" आम्ही विचारले. मुलाने मान न वळवता सांगितले, "सुपर मारिओ सिक्स्टीफोर. खूप जुना आहे काका, माझ्या जन्माच्या आधीचा."

घरी येऊन आम्ही या खेळाची माहिती काढली. जपानमधील क्योतो शहरात १८८९ साली पत्ते बनवणारा कारखाना म्हणून सुरू झालेल्या निन्टेन्डो कंपनीचा हा खेळ. जून १९९६ मध्ये तो जपानात आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आला. त्याच्या जवळजवळ १ कोटी १९ लाख प्रती खपल्या. करणारा शिगेरू मियामोतो. त्यानेच १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी हे पात्र काढले. तेव्हा मारिओ सुतार होता; १९८३ पासून तो नळ दुरुस्त करणारा झाला. मिशा का, तर त्या काळच्या पडद्यावर मोजक्या ठिपक्यांत तोंड काढता येत नव्हते, मिशा काढल्या की नाक उठून दिसे. केस काढणे अवघड म्हणून टोपी. हात हलताना कळावेत म्हणून डांगरी. मारिओ हे नाव कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाच्या मालकाचे. म्हणजे घरमालकाचे नाव आणि कामगाराचे कपडे! सातपूरच्या माणसाला यात हसू येईल आणि थोडे बरेही वाटेल. नायक राजपुत्र नाही, शिपाई नाही. आपल्या गल्लीत पाना घेऊन फिरणारा माणूस आहे.

मुलाने रिमोट आमच्या हातात दिला. बहुधा आम्हाला गप्प बसवण्यासाठीच. जॉयस्टिक जरा कलवली तर मारिओ चवड्यांवर चोरपावलांनी जातो, थोडी जास्त कलवली तर चालतो, पूर्ण ढकलली तर धावतो. आज हे सगळ्याच खेळांत आहे, पण १९९६ साली ही मोठी नवलाई होती. बोटाचा जोर पायापर्यंत पोहोचतो. झोपलेल्या मांसाहारी झाडाजवळून जायचे असेल तर बोट हलकेच ठेवावे लागते, नाहीतर ते जागे होते. आमचे बोट टायपिंगला सरावलेले. ते झाड चार वेळा जागे झाले.

खेळ सुरू होतो तो एका किल्ल्याबाहेरच्या बागेत. तिथे एकही शत्रू नाही, घड्याळ लावलेले नाही. झाडे आहेत, खंदकात पाणी आहे, गवत आहे. हवे तेवढे उड्या मारा, पोहा, घसरा. करणाऱ्यांनी आधी मारिओचे नुसते पळणे आणि उडी मारणेच नीट बसवले, एका सशाचा पाठलाग करून पाहिला, आणि मग त्याभोवती जग उभे केले. तो ससा अजूनही किल्ल्याच्या तळघरात आहे. आम्हाला वाटते, या खेळाची गोडी इथेच आहे. साधे चालणे हाच आनंद करून ठेवला आहे.

किल्ल्यात भिंतींवर चित्रे टांगलेली. चित्रावर उडी मारली की आत एक वेगळाच मुलूख. अशी पंधरा जगे, आणि सगळे मिळून १२० तारे. डोंगर सर करून तारा, शर्यत जिंकून तारा, बर्फाच्या डोंगरावर हरवलेले पेंग्विनचे पिल्लू खाली त्याच्या आईजवळ नेले की तारा. एका ताऱ्याच्या मागे लागून गेलात आणि वाटेत दुसराच सापडला, तरी बहुतेक वेळा तो चालतो. दोष नाहीत असे नाही. ढगावर बसून एक चष्मेवाले कासव कॅमेरा धरून मागे फिरते अशी कल्पना आहे, किल्ल्यातल्या आरशात ते दिसतेही. पण अरुंद जागी हा कॅमेरा भिंतीमागे अडकतो आणि माणूस चीडचीड करतो. आम्ही केली.

जीव गेला की चित्र मारिओला बाहेर दालनात फेकून देते. तो उठतो. चित्र तिथेच टांगलेले असते.

"परत जा की काका," मुलगा म्हणाला. आम्ही सातव्यांदा पडलो होतो. तो हसला नाही, हे आमच्या लक्षात आले. वर्गात गणित चुकले की पोरे कशी हसतात, हे त्याने आम्हाला नंतर, चहा झाल्यावर, सांगितले.

"तुझे किती तारे झाले?"

"एकाहत्तर. पण सत्तरच लागतात. सत्तर नसले तर वरचा जिना संपतच नाही, कितीही चढा. सत्तर झाले की संपतो."

"मग उरलेले पन्नास?"

"ते ज्याला पाहिजे त्याला."

एकशेवीसपैकी सत्तर. आम्ही बीकॉम माणूस, टक्केवारी आपोआप निघाली: अठ्ठावन्न. दहावीला किती लागतात, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो आमच्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "गणितात अकरा कमी पडले." हा आकडा त्याने घरात कोणाला सांगितला नव्हता, असे ताईंच्या चेहऱ्यावरून दिसले.

इथे माता-भगिनींसाठी एक गोष्ट बोलून घेतो. पडद्यावरचे सगळे एकाच मापाने मोजू नये. पैसे लावून खेळायची रमी वगैरे मोबाइलवर आली, आणि त्यात पगार बुडाल्याचे आम्हाला कितीतरी घरांतून ऐकावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. फुकट म्हणून सुरू होऊन पुढे हत्यारे, कपडे विकत घ्यायला लावणारे खेळही आहेत. हा १९९६ चा खेळ मध्येच पैसे मागत नाही, 'उद्या पुन्हा ये' असे बोलावणे पाठवत नाही. तरीही आठ-आठ तास बसणे वाईटच, आणि ते आम्ही मुलाला स्पष्ट सांगितले. त्याने मान डोलावली. पाळेल की नाही, ठाऊक नाही.

निघणार तोच त्याचे वडील शिफ्ट करून आले. फिटर माणूस, हाताला ग्रीसचा वास. पडद्याकडे पाहून दारातच थबकले. "हा कोण?"

"प्लंबर आहे पप्पा."

"मग पाना कुठंय ह्याचा?"

मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. वडील चप्पल न काढताच उंबऱ्याशी टेकले आणि मारिओ भिंतीवर पाय मारून दुसऱ्या भिंतीवर कशी उडी घेतो, ते बघत राहिले. कंत्राटदाराचा विषय त्यांनी आमच्यासमोर काढला नाही, आम्हीही काढला नाही.

गुरुवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला: शाळेत फॉर्म भरायला फोटो किती लागतात, आणि फी रोख चालेल का. रविवारी आम्ही पुन्हा गेलो, गणिताचे पुस्तक घेऊन. दोन तास सूत्रे झाली, मग त्याने अर्धा तास रिमोट दिला. पेंग्विनचे पिल्लू आम्हाला अजून त्याच्या आईपर्यंत नेता आलेले नाही. शेवटच्या उतारावर पाय घसरतो आणि ते हातातून सुटते.