पोफळीची किंमत हेक्टरात

३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. बांगलादेशाने सुचविलेले त्याचे ‘निसर्ग’ हे नाव राज्यकर्त्यांना भलतेच सोयीचे ठरले. सारा दोष निसर्गाच्या माथी मारला की माणसांनी केलेले नियम तपासण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने जे मोडले त्याची किंमत कागदावर ज्या रीतीने लावली गेली, तीत निसर्गाचा काडीइतकाही हात नव्हता.

दक्षिण रायगडातील वाडी ही बहुधा काही गुंठ्यांची असते. पोफळी, त्यांच्यात नारळ, खोडांवर चढविलेली मिरी, सावलीत जायफळ आणि केळी. नऊ-नऊ फुटांवर लावल्यास गुंठ्याला तेरा-चौदा पोफळी बसतात. लावल्यापासून पाच-सात वर्षे त्या काही देत नाहीत, मात्र पुढे कित्येक दशके घर चालवितात. तेव्हा पोफळ हे पीक नव्हे. ते भांडवल आहे, आणि तेही पाणी शिंपून-शिंपून घरच्या श्रमांतून साठविलेले.

आपत्तिनिधीच्या निकषांना हा भेद ठाऊक नाही. बहुवार्षिक पिकांना त्या वेळी हेक्टरी १८,००० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, एवढीच तरतूद होती. राज्य शासनाने बागांसाठी हा दर ५०,००० वर नेला आणि औदार्याचे ढोल वाजविले. दहा गुंठ्यांच्या वाडीला या दराने साधारण ५,००० रुपये येतात. म्हणजे एका पोफळीमागे सदतीस! आडवे पडलेले झाड तोडून वाडीबाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागत नाही. ओरड झाल्यावर झाडामागे मदत जाहीर झाली : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. एकक बदलले, दृष्टी तीच राहिली.

‘ही भरपाई नव्हे, साहाय्य आहे,’ असे उत्तर यावर ठरलेले असते. शब्दांची ही चलाखी उघड आहे. भरपाई म्हटली की हक्क आला, साहाय्य म्हटले की देणाऱ्याची मर्जी. २०२२ साली केंद्राने बहुवार्षिक पिकांचा दर २२,५०० केला. हेक्टर मात्र जागचा हलला नाही.

आणि हे सारे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांपुरते. एकेका उताऱ्यावर भावा-चुलत्यांची नावे, त्यांतली अर्धी मुंबईत. वाडी राखणारा एकच, आणि त्याने संमतिपत्रांसाठी हिंडायचे. दुसऱ्याच्या वाडीत शिंपणारा, पोफळीवर चढून घड उतरविणारा, अंगणात बसून सुपारी सोलणाऱ्या बाया यांची मजुरी झाडांबरोबरच आडवी झाली. पंचनाम्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही.

तोडगा नवा शोधावा लागत नाही. याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि १९९० साली फळबाग लागवड त्या योजनेला जोडली. पडलेली वाडी साफ करणे, रोपे लावणे आणि ती धरेपर्यंत जोपासणे हे काम मानून त्याची मजुरी सात वर्षे काम करणाऱ्या हाताला द्यावी. उताऱ्यावर नाव कोणाचे आहे हे विचारू नये. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीत नेण्याची मागणी ही आहे. वाढीव हेक्टरी दराची मागणी घेऊन जाणे म्हणजे शासनाचीच मोजपट्टी आपल्या हाती धरणे होय. २०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळी आज कुठे धरू लागल्या आहेत. मधल्या वर्षांत सोलणाऱ्या बायांनी काय खाल्ले, हे कोणत्याही कचेरीने विचारलेले नाही.