राणीसाहेबांचे छायाचित्र आणि हॉफमनसाहेब

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईसाहेबांचे म्हणून एक छायाचित्र गेली कित्येक वर्षे हातोहात फिरत आहे. राजवस्त्रे व अलंकार ल्यालेली एक स्त्री त्यात दिसते आणि सोबत माहिती दिलेली असते की, हॉफमन नामक जर्मन छायाचित्रकाराने ते १८५० साली घेतले. २००९ साली भोपाळच्या एका प्रदर्शनात ते मांडले गेले, वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला, आणि तेव्हापासून राणीसाहेबांची पुण्यतिथी आली की ते पुन्हा डोके वर काढते. श्रद्धाळू मनाला आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु या आनंदाला आधार कोणता, हे विचारणे प्राप्त आहे.

प्रथम या हॉफमनसाहेबांचीच विचारपूस करू. छायाचित्रांच्या इतिहासात कलकत्त्याची 'जॉन्स्टन अँड हॉफमन' ही पेढी सुप्रसिद्ध आहे. अनेक राजेरजवाडे तिच्या कॅमेऱ्यापुढे बसले. पण ही पेढी निघाली १८८२च्या सुमारास! राणीसाहेब ग्वाल्हेरीस जून १८५८ मध्ये धारातीर्थी पडल्या. मृत्यूनंतर दोन तपे उलटल्यावर उघडलेल्या दुकानात त्या छायाचित्र काढवून घेण्यास गेल्या, असे का समजावयाचे? हा हॉफमन तो नव्हे, दुसराच कोणी होता, असे कोणी म्हणेल. मग त्या दुसऱ्याचा ठावठिकाणा दाखविण्याचे काम दावा करणाऱ्याचे आहे, शंका घेणाऱ्याचे नव्हे.

१८५० साली हिंदुस्थानात छायाचित्र निघणेच अशक्य होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. दुसऱ्या शीख युद्धाच्या सुमारास मॅकॉश नावाच्या लष्करी डॉक्टराने लाहोरास दलीपसिंगाचे छायाचित्र घेतले होते. तथापि काचेवर प्रतिमा घेण्याची आर्चरची ओल्या लेपाची कृती प्रसिद्ध झाली ती १८५१ साली, आणि मुंबईचे छायाचित्रकार-मंडळ स्थापन झाले १८५४ साली. तत्पूर्वी छायाचित्र ही मोठी अपूर्वाईची गोष्ट होती. गंगाधरराव हयात असताना झाशीच्या अंतःपुरात परका छायाचित्रकार शिरला आणि त्याची कागदोपत्री खूणही उरली नाही, हे मनाला पटत नाही. चित्रातील दागिन्यांवरून वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. १८५३ पर्यंत राणीसाहेब सौभाग्यवती होत्या. दागिने त्यांच्या अंगावर असणारच.

मग त्या दिसत होत्या तरी कशा? १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर त्यांनी जॉन लँग या वकिलास सल्ल्यासाठी आग्र्याहून बोलावून घेतले. दोघांच्या मध्ये पडदा होता. तो लहानग्या दामोदररावाने क्षणभर बाजूला केला. तेवढ्यात लँगने पाहिले ते लिहून ठेवले आहे : मध्यम उंची, किंचित स्थूल बांधा, सुंदर डोळे, रेखीव नाक, अंगावर पांढरी तलम मलमल आणि कानांतील सोन्याच्या आभूषणांखेरीज दागिना नाही. आवाज मात्र त्याला आवडला नाही, हेही तो सांगतो. खुषमस्कऱ्या असे लिहीत नसतो, म्हणूनच त्याच्या साक्षीचे मोल अधिक. दुसरा साक्षी आपला, वरसईचा विष्णुभट गोडसे. वेढ्याच्या काळात तो झाशीतच होता. त्याने लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. पुरुषी पोषाखातील राणी त्यात आहे, शुभ्र वस्त्रातील आहे आणि झाशी सोडल्यानंतर वाटेवर तहानेने व्याकूळ झालेलीही आहे. डोळ्यांनी पाहणारे असे साक्षी हाताशी असताना एका तारखेच्या चिठ्ठीने आपण भुलावे, याचे आम्हांस नवल वाटते.

छायाचित्र खोटे ठरल्याने राणीसाहेबांचे काय कमी होते? काहीच नाही. खोटे उराशी धरून ठेवले तर मात्र उद्या कोणी उपहासाने विचारील की, तुमचे चित्र असे, तर तुमचा इतिहास कसा? शिवाय त्या चित्रात बसलेली स्त्रीही कोणी तरी होती. तिलाही नाव होते, घर होते. आपण तिच्यावर दुसरीचे नाव चढवून तिचे स्वतःचे पुसून टाकले आहे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

कल्पनेने रंगविलेली चित्रे खुशाल लावावीत, पण त्यांखाली 'कल्पनाचित्र' असे स्पष्ट लिहावे. आणि ग्वाल्हेर, इंदूर, झाशी येथील जुन्या मराठी घरांतून पेट्यांच्या तळाशी जी छायाचित्रे पडून असतील, त्यांच्या धन्यांस आमची एक विनंती आहे. चित्र पुठ्ठ्यापासून सोडवू नका. पुठ्ठा उलटून पाहा. पेढीचे नाव, गाव, रस्ता छापलेला असेल तर उतरून घ्या. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर चित्रातील माणसे कोण, हे त्यांना विचारून शिसपेन्सिलीने मागे लिहून ठेवा, आणि जे नाव कोणालाच ठाऊक नसेल तेथे जागा कोरीच सोडा.