नेतृत्वाची फेलोशिप कोणाला मिळावी?

आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना 'नेतृत्वाची फेलोशिप' देण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांना वर्ष-दोन वर्षे शिकवायचे, खर्चाला पैसे द्यायचे आणि गरीब व श्रीमंत यांच्या आरोग्यातील दरी बुजवण्यासाठी परत आपल्या कामावर पाठवायचे, असा तिचा हेतू. चक फीनी हे आयरिश वंशाचे अमेरिकन व्यापारी. त्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती हयातीतच दान केली. त्यांच्या दानातून निघालेल्या 'अटलांटिक फेलोज' या योजनेची आरोग्य-समतेसाठी एक वेगळी शाखा वॉशिंग्टनमधील विद्यापीठात सुरू झाली. दान मोठे आहे व हेतू चांगला आहे. आमचा प्रश्न एवढाच, की अशी शिष्यवृत्ती जाते कोणाकडे, आणि ती घेऊन आलेला माणूस पुढे कोणाला शिकवतो?

दरी केवढी आहे ते आधी पाहू. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके केरळात 6, महाराष्ट्रात 16 आणि मध्य प्रदेशात 43 होती. एकाच देशातली ही तीन राज्ये. एका जिल्ह्याच्या आतही तोच प्रकार असतो. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या काळापासून मराठी कुटुंबे आहेत. शहरातल्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीत राहणाऱ्याला ताप आला तर डॉक्टर गाठणे अवघड नाही. त्याच जिल्ह्यात घाटीगावकडे सहरिया आदिवासींच्या वस्त्या आहेत. या समाजात क्षयरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आढळले आहे. औषध दोघांनाही तेच लागते. ते वेळेवर हाती पडणे, पोटात पुरेसे अन्न असणे आणि मधेच औषध सोडू नको असे दारात येऊन सांगणारे कोणी असणे, यांत सगळा फरक पडतो.

हे दारात येऊन सांगणारे माणूस कसे तयार होते, याचा धडा आपल्याच नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) आहे. राहुरीचे डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. दोघे वेल्लोरला शिकले, शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून 1970 साली जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. परदेशी पदवी घेऊन मुंबई-पुण्यात दवाखाना थाटला असता तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत नेमून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकट्या बाईने राहणे कठीण, आणि गावकरीही तिचे ऐकेनात. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकवावे असे ठरले. निवडलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. सवर्ण व दलित बायकांनी एका पंगतीत बसणे हेच त्या काळी अर्धे शिक्षण होते. बाळंतपण कसे करावे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे त्या शिकल्या आणि गावी जाऊन इतरांना शिकवू लागल्या.

शेतकऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. गावाने आधी दवाखाना मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितले. 1972 चा दुष्काळ तोंडावर होता. तेव्हा आरोळ्यांनी विंधन विहिरी घेतल्या, आणि हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवे असेल तर सगळ्यांनी तेथे यावे! शेतकरी मंडळे निघाली, महिला मंडळे निघाली, झाडे लागली. त्या परिसरात हजारी सुमारे 176 असलेला बालमृत्यूचा दर पंचवीस वर्षांत विसाच्या आसपास आला. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे परदेशातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांच्या शिक्षकांत या खेडवळ सेविकाही होत्या.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सहून शिकून आले आणि 1986 पासून गडचिरोलीत राहिले. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्यास त्यांनी गावच्या बायांना शिकवले आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे 1999 मध्ये जगापुढे मांडले. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालतात त्यामागे हे काम आहे.

आता या आशा ताईंकडे पाहू. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. म्हणजे त्या नेत्या आहेत, हे जगाने मान्य केले. आणि 2024 च्या आरंभी महाराष्ट्रातल्या याच नेत्यांना वाढीव मानधनाचा सरकारी आदेश निघावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. पुरस्काराने घरची चूल पेटत नाही.

फेलोशिपचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो, पदवी मागतो, शिफारसपत्रे मागतो. ज्याला सभेत बोलता येते त्यालाच आणखी बोलायला शिकवले जाते, असे कधी कधी वाटते. डॉक्टरांना ती मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. आरोळ्यांना शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तर जामखेड उभे राहिले. पण ती देताना, परत येऊन हा मनुष्य आपली विद्या कोणाच्या हाती देणार, हे विचारलेच पाहिजे.

आपल्या धर्मग्रामातही परिचारिका आहेत, आशा आहेत, दवाखाना चालवणाऱ्या धर्मभगिनी आहेत. एखादीला चार महिन्यांच्या प्रशिक्षणाची संधी आली की अडते कोठे? फी कोणी तरी भरते. पण म्हशीची धार कोण काढणार, धाकट्याला शाळेत कोण सोडणार, कांदा काढणीला मजूर लावायचा तर पैसे कोठून आणायचे? यावर अर्ज अडतो, आणि नवरा किंवा सासू 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात.

धर्मग्राम मंडळाने सुगीच्या अर्पणातून एक लहान निधी यासाठी बाजूला काढावा असे आम्ही सुचवतो. दरवर्षी एकीलाच पाठवावे, पण तिच्या घरची सोय लावूनच पाठवावे: मजुरीचे पैसे, बसभाडे, आणि शेजारच्या दोन घरांनी मुलांकडे पाहण्याचा शब्द. परत आल्यावर तिने दोन वर्षे आठवड्यातून एक दिवस वाडीवरच्या पाच-सहा बायांना शिकवावे, त्यांत ख्रिस्तेतर बायाही असाव्यात. शिकून ती आखातात किंवा शहरात नोकरीला गेली तर? काही जणी जातील. कर्ज फेडायला गेलेल्या मुलीला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तिने जाण्यापूर्वी पाच जणींना शिकवले असेल, तर निधी वाया गेला असे आम्ही मानणार नाही.

कोणाला पाठवावे याची नावे वाडीवरच्या बायकांकडूनच यावीत, मंडळातल्या पुरुषांकडून नव्हेत. रविवारच्या मिस्सानंतर ती फादरांकडे किंवा दवाखान्यातील सिस्टरांकडे द्यावीत. कांद्याचे पैसे हाती येण्यापूर्वी हा विषय मंडळाच्या बैठकीत आला तर बरे, कारण नंतर ते पैसे कोठे जातात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.