पुडा तेवढ्यालाच, बिस्किटं कमी

पाच रुपयांचा बिस्किटपुडा आठवतो ना मैत्रिणींनो? किंमत तीच राहिली, आतली बिस्किटं कमी होत गेली. गाड्यांचंही तसंच झालंय.

आमच्या धाकट्याला थार घ्यायचीय. म्हणाला, "आई, किंमत कुठे वाढलीय? दहा लाखांच्या आतच तर सुरू झाली होती." बी.कॉम. झालेय मी, वही काढली. ऑक्टोबर 2020 मध्ये नवी थार 9.80 लाखांपासून आली, तेव्हा प्रत्येक थार चारही चाकांच्या ताकदीची, म्हणजे 4x4 होती. जानेवारी 2023 मध्ये 9.99 लाखांना आली, ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी. पाच दारांची रॉक्स 2024 मध्ये 12.99 लाखांपासून निघाली. तिच्यात 4x4 हवी, तर तेव्हा सुरुवातच 18.79 लाख होती!

शिवाय हप्ता. 12 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं, तर पाच वर्षांसाठी महिना सुमारे 24,900 आणि सात वर्षांसाठी 19,300. हप्ता हलका झाला, पण व्याज साधारण 3 लाखांवरून 4.2 लाखांवर गेलं.

शेतावर जायला कच्चा रस्ता असेल, तर 4x4 जरूर घ्यावी. आमचा रस्ता डांबरी, घर ते ऑफिस. "वर्षातले किती दिवस चिखलात जाणार?" मी विचारलं. तो गप्प.

परिग्रहाला मर्यादा घालायची ती देव्हाऱ्यापुरती नाही. शोरूमच्या दारातही घालावी लागते.