पोच कोण देणार?

आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, भद्रावतीत एका शाळेत चित्रकला शिकवते. तिला मातीचा नाद आहे. आमच्या गावात हा नाद लागणं अवघड नाही. गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ इथलाच, त्यामुळे माती, चाक, भट्टी हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. गावाच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत आणि खाणींसाठी उठवलेल्या घरांतली माणसं आहेत. आपाने तीन वर्षं या माणसांच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारला: तुमच्या जुन्या घराचं दार कसं होतं?

कुणी सांगितलं, उंबरठा उंच होता. कुणी कडी कोणत्या बाजूला होती ते हाताने दाखवलं. कुठे चौकटीवर स्वस्तिक होतं, कुठे निळा रंग, कुठे ७८६. त्यातून तिने भाजलेल्या मातीच्या चोवीस फरश्या केल्या. एक फरशी म्हणजे एक दार. प्रत्येक फरशी भट्टीत घालण्याआधी तिने त्या घरच्या माणसांना कच्ची दाखवली होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, दार त्यांचं आहे, विचारायला नको?

मग एका मोठ्या शहरातल्या कला महोत्सवाचं निमंत्रण आलं. निवड झाली, अभिनंदन, वगैरे. घरात आनंद झाला. अब्बूंनी पहिला प्रश्न विचारला, "आने-जाने का खर्चा कौन देगा?" आम्ही हसलो. आज वाटतं, त्या दिवशी घरात शहाणा माणूस तो एकच होता.

त्यानंतरच्या अडीच महिन्यांत आपाने आयोजकांना अकरा ईमेल पाठवले. मी संगणकावर काम करणारा माणूस, सवयीने मोजले. पेटी कुणी न्यायची, फरश्या भिंतीवर लागणार की जमिनीवर, शेजारी लेबल कोण लिहिणार, गावातली काही माणसं पाहायला येऊ इच्छितात तर त्यांची नावं कुठे द्यायची. उत्तरं आली दोन. त्यातलं एक यंत्राने पाठवलेलं होतं: आपला संदेश आम्हाला महत्त्वाचा आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना अजून त्रास होतो. पुनर्वसन वसाहतीतली पाच माणसं आपाबरोबर पहाटेच्या बसने गेली. दारावरच्या मुलाने मोबाइलवरचा नोंदणीचा क्यूआर कोड मागितला. एका आजींकडे मोबाइलच नव्हता. अर्ध्या तासाने आत सोडलं. आत भिंतीवर चारच दारं होती. ज्या चार फरश्यांवर ७८६ होतं, त्याच. वर पाटी होती, "अल्पसंख्याक अभिव्यक्ती", आणि लेबलवर लिहिलं होतं, "इस्लामी सुलेखन". उरलेल्या वीस फरश्या पेटीतून निघाल्याच नव्हत्या. आलेल्या पाच जणांपैकी एकाचंही दार भिंतीवर नव्हतं. आजींचा फोटो मात्र होता. आपाने माहितीसाठी पाठवलेला तो फोटो बाहेरच्या मोठ्या फलकावर "स्थानिक समुदाय" या शब्दांखाली लावला होता. नाव नाही.

चार महिन्यांनी पेटी परत आली. सात फरश्या फुटल्या होत्या. सोबत चिठ्ठी नव्हती.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. त्या महोत्सवाने मुसलमानांवर अन्याय केला, असंही मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. ज्याने ती पाटी लिहिली त्याला बहुधा आपलं भलंच करायचं होतं. त्याला "समावेश" दाखवायचा होता. पण त्याने आपाचे अकरा ईमेल वाचले असते, तर चोवीस दारं एकाच गोष्टीची आहेत हे त्याला पहिल्याच ईमेलमध्ये कळलं असतं. कोळशाने उठवलेल्या माणसांचं एकत्र काम होतं ते. त्यातून आमची चार वेगळी काढून त्यांना धर्माची चौकट लावली गेली, ती न वाचल्यामुळे. म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे: महोत्सव समाजाशी कसा वागतो, हे त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात शोधू नका. कलावंताला तो कशी उत्तरं देतो, ते पाहा. ज्याला एका आपाला उत्तर द्यायला वेळ नाही, तो तिच्यामागच्या पाच जणांना कुठून ओळखणार?

माझ्या धंद्यात दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा माहिती मिळाली की समोरून पोच जाते. पोच आली नाही तर पाठवणारं यंत्र तोच मजकूर पुन्हा पाठवतं, आणि बराच वेळ काहीच आलं नाही तर संबंध तुटला असं धरतं. मराठीत "त्याला पोच नाही" असं आपण ज्या अर्थाने म्हणतो, तो अर्थ इथेही लागू पडतो.

आता तुम्ही म्हणाल, महोत्सव चालवणं सोपं नाही. बरोबर आहे. माणसं कमी, पैसा उशिरा, जागा शेवटच्या आठवड्यात ताब्यात येते. २०१२ पासून भरणारं कोची-मुझिरिस बिएनाले हे आपल्या देशातलं या प्रकारचं सर्वांत मोठं प्रदर्शन. फोर्ट कोची आणि मट्टनचेरीच्या जुन्या वखारींमध्ये ते भरतं, आणि स्वतःला लोकांचं बिएनाले म्हणवतं. ते म्हणणं पोकळ नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं तिथे खरोखर जातात. पण २०२२ मध्ये तिथे काय झालं? १२ डिसेंबरला उद्घाटन होतं. आदल्या दिवशी जाहीर झालं की मुख्य प्रदर्शन २३ डिसेंबरला उघडेल. जगभरातून लोक तोवर येऊन पोहोचले होते. नंतर सहभागी कलावंतांपैकी पन्नासहून अधिक जणांनी उघडं पत्र लिहिलं. कलाकृती वेळेवर पोहोचल्या नाहीत, दालनांत पावसाचं पाणी येत होतं, वीज धड नव्हती, साधनं अपुरी होती, असं त्यात होतं. आणि त्याबरोबर आयोजकांच्या संवादाबद्दलची तक्रारही होती. पाऊस कुणाच्या हातात नसतो. पण छत गळतंय हे कलावंताला कळवणं हातात असतं. पैसे नाहीत हे सांगायला पैसे लागत नाहीत.

मला त्या पत्रातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ते सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं. आपा एकटी होती. तिच्यासारखे तिथे आणखी चाळीस कलावंत असतील, पण एकालाही दुसऱ्याचा नंबर माहीत नव्हता. एकेकट्या कलावंताला वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं.

मग नीट वागवलं गेलं की काय होतं? आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. प्रभाकर पाचपुते राजुरा तालुक्यातल्या सास्तीचे, खाणकामगारांच्या घरातले. कोळशाने चित्र काढतात आणि खाणीत राबणाऱ्या माणसाचं, खोदलेल्या जमिनीचं चित्र काढतात. वेल्समधल्या कार्डिफ शहरात आर्टेस मुंडी नावाचं प्रदर्शन आणि पुरस्कार आहे. त्याच्या नवव्या खेपेला, २०२१ मध्ये, निवडलेल्या सहाही कलावंतांमध्ये तो पुरस्कार वाटून देण्यात आला. पाचपुते त्या सहांपैकी एक. वेल्स हा जुन्या कोळसा खाणींचा मुलूख. तिथल्या खाणकामगारांच्या मोर्च्यांत मिरवल्या जाणाऱ्या मोठ्या निशाणांचे धागे पाचपुतेंनी आपल्या कामात घेतले. म्हणजे सास्तीचा कोळसा आणि वेल्सचा कोळसा एका भिंतीवर आला. या कामाला "भारतीय लोककला" असं लेबल लावून कोपऱ्यात ठेवता आलं असतं का? आपाच्या चोवीस फरश्यांची जातकुळी तीच आहे, असं मी म्हटलं तर ती मला रागावेल. पण जातकुळी तीच आहे.

कार्डिफपर्यंत जायची गरज नाही, असं अब्बू म्हणतात. त्यांच्या मते समाजाला धरून महोत्सव कसा करायचा हे वडशाला जाऊन शिकावं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. धान कापून झाला, दिवाळी झाली की मंडई सुरू होतात आणि पार होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत रात्र-रात्र नाटकं होतात. गावचं मंडळ वडशाला येतं, नाटक मंडळीशी बोलतं. कोणतं नाटक, कोणती तारीख, किती पैसे, इसार किती, ते ठरतं. गावातले लोक लेकी-जावयांना, सोयऱ्यांना निरोप धाडतात. तिकीट काढून हजारो माणसं थंडीत बसतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

झाडीपट्टीला मी डोक्यावर घेत नाही. कलावंत रात्रभर उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या वाटेला लागतात. ते सोपं आयुष्य नाही. नाटकंही सगळी चांगली असतात असं नाही. पण तिथे "लोकसहभाग" नावाचं वेगळं सत्र ठेवावं लागत नाही, कारण निमंत्रण देणारेच लोक असतात. शहरी महोत्सवात समाज हा फोटोपुरता पाहुणा असतो. झाडीपट्टीत तो यजमान आहे, आणि वर गिऱ्हाईकही आहे. नाटक आवडलं नाही तर तो तोंडावर सांगतो आणि पुढच्या वर्षी दुसरी मंडळी बोलावतो. कलावंतालाही कुणाशी बोलायचं ते माहीत असतं. त्या माणसाचं घर माहीत असतं.

मित्रांनो, आता आपल्याकडे वळू. कारण इथपर्यंत वाचून "हे लोक आपल्याला असंच वागवतात" म्हणून मान हलवणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्यातला होतो. मग एकदा आपाने मला विचारलं, "तुमच्या मंडळाने गेल्या ईद-मिलनच्या कार्यक्रमात पडदा रंगवणाऱ्या पोराला किती दिले?" मी गप्प. काहीच दिलं नव्हतं. तो मोहल्ल्यातला मुलगा, दोन रात्री जागून त्याने वीस फुटांचा पडदा रंगवला. आम्ही त्याला म्हणालो, सवाब का काम है. उर्साला कव्वाल बोलावतो तेव्हा त्याच्याशी आधी बिदागीची बोलणी करतो, इसार देतो, स्टेशनवर घ्यायला माणूस पाठवतो. पडदा रंगवणारा, मेंदी काढणारी, नातच्या स्पर्धेसाठी फलक लिहिणारी मुलगी, हे घरचे. घरच्यांना कसली पोच द्यायची? कार्यक्रमानंतर तो पडदा कुठे गेला, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शोधला तेव्हा कळलं, एकाच्या गाडीवर झाकण म्हणून घातला होता.

म्हणून आमच्या मंडळाने या वर्षीपासून एक साधा कागद केला आहे. मीच टाइप केला, दीड पान आहे. ज्याचं काम घ्यायचं त्याला आधी लेखी कळवायचं की काम कुठे लागेल, किती दिवस राहील, पैसे किती आणि कधी, परत कोण पोहोचवेल. लेबलवरचे शब्द छापण्याआधी त्याला दाखवायचे. कामात ज्यांची गोष्ट आहे त्या माणसांची नावं आणि त्यांची परवानगी घ्यायची. तारीख बदलली तर त्याच दिवशी फोन करायचा. फोन कुणी करायचा त्याचं नाव कागदावर आहे. "समिती" असं लिहिलेलं चालणार नाही, हा आग्रह माझा. ज्या कामाला नाव नसतं ते कुणाचंच नसतं, हे मी नोकरीत दहा वर्षं पाहिलंय. मंडळातल्या दोघा ज्येष्ठांना हा कागद म्हणजे आपल्याच माणसांवरचा अविश्वास वाटला. त्यांच्याशी वाद झाला, अजून पूर्ण मिटलेला नाही.

आणि तुमच्यापैकी जे चित्र काढतात, फोटो काढतात, छोट्या फिल्म करतात, त्यांनी "निवड झाली, अभिनंदन" वाचल्यावर लगेच स्टेटस टाकू नये. आधी अब्बूंचा प्रश्न विचारावा. मग विचारावं, मला कोणत्या दालनात ठेवणार आहात आणि तिथे वर पाटी काय असेल. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर काम पाठवू नये. संधी जाईल ही भीती खरी आहे. आपालाही तीच होती. तिच्या सात फरश्या त्या भीतीत फुटल्या.

त्या सात तिने पुन्हा केल्या. या डिसेंबरात चोवीसही फरश्या पुनर्वसन वसाहतीच्या समाजमंदिरात लागणार आहेत, चार दिवस. तारखा आपाने हाताने लिहून घरोघरी दिल्या आहेत. लेबलं ज्याची त्याने सांगितली तशी, मराठीत, दोन-तीन हिंदीत, एक तेलुगूत. फोटोतल्या आजींच्या दाराचं लेबल दोनदा बदललं, कारण पहिल्या वेळी त्यांनी घर सासऱ्यांच्या नावाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की स्वतःचं नाव टाका. फरशी पाहून त्या असंही म्हणाल्या की कडी डावीकडे होती, तू उजवीकडे केलीस. आपाने ती फरशी बाजूला ठेवली आहे. नवी सध्या वाळतेय, पुढच्या भट्टीत जाईल.