गरीब दिसा, सुरक्षित राहा!

सुटीचे दिवस जवळ आले की परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांना उपदेशाचा एक ठराविक पाठ वाचून दाखवला जातो. रात्री एकटे हिंडू नका, अंगावर सोने घालू नका, खिशात रोकड ठेवू नका, घर बंद असल्याचे कोणाला कळू देऊ नका. यांतला एकही सल्ला चुकीचा नाही, आणि देवळीतल्या एखाद्या आईने मुलाला फोनवर तो दिला तर त्यात मायाच आहे. पण हाच पाठ जेव्हा सरकारे, विद्यापीठे आणि पोलीसखाती म्हणू लागतात, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. ज्यांनी संरक्षण द्यायचे तेच संरक्षणाची जबाबदारी ज्याला ते हवे त्याच्या गळ्यात बांधून मोकळे होतात.

मेलबर्नचे उदाहरण जुने झाले असले तरी विसरण्याजोगे नाही. 2009 साली तेथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ल्यांमागून हल्ले झाले. मे महिन्याच्या अखेरीस हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेथील पोलिसांनी आधी सल्ला दिला तो आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, जवळच्या किमती वस्तू दाखवू नका असा. पुढे पोलीसप्रमुखांनी तर शक्य तितके गरीब दिसा, अशा आशयाचा उपदेश केला. गरीब दिसणे हा ज्यांचा अभिनय नव्हता, अशांनाच हे सांगितले जात होते! आठवड्याला वीस तासच काम करण्याची परवानगी, दूरच्या उपनगरातली स्वस्त खोली, रात्रपाळी संपवून शेवटच्या गाडीने परतणे, आणि स्थानकापासून घरापर्यंतचा निर्मनुष्य रस्ता. हल्लेखोराला बळी सापडतो तो या वेळापत्रकात. त्याच काळात विद्यादान हा ऑस्ट्रेलियाचा कोळसा व लोखंडाच्या खनिजाखालोखालचा निर्यात व्यवसाय होता. शुल्क घेताना विद्यार्थी हा ग्राहक. मार खाताना मात्र तो निष्काळजी पाहुणा. हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

आता आकड्यांकडे पाहू. जानेवारी 2024 मध्ये परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सरकारी हिशेबाने तेरा लाखांवर होती. त्याच वर्षी जुलैमध्ये परराष्ट्र खात्याने संसदेला सांगितले की मागील पाच वर्षांत 633 भारतीय विद्यार्थी परदेशांत मरण पावले, आणि त्यांतले 19 हिंसक हल्ल्यांत गेले. एकोणीस हा आकडा लहान नाही. ती एकोणीस घरे आहेत. पण उरलेल्या सहाशेहून अधिक मृत्यूंत अपघात आहेत, आजार आहेत. त्यांच्याविषयी कोण पत्रक काढतो? चोराची भीती घालणे स्वस्त असते. औषधोपचाराचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि थकलेल्या शरीराची झोप यांची तरतूद करणे महाग असते.

सुटीतच धोका वाढतो तो का, हेही समजून घेतले पाहिजे. स्थानिक मुले आपापल्या घरी जातात. बरीच वसतिगृहे ओस पडतात. दुकाने आणि पेट्रोलपंप मात्र चालू राहतात, आणि सणाच्या रात्रीची पाळी साहजिकच ज्याला जायला घर नाही त्याच्या वाट्याला येते. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण उलटताच शिकागोजवळच्या एका पेट्रोलपंपावर तेलंगणातला एक विद्यार्थी गोळीबारात मारला गेला. अशा जागी रात्री एकट्या माणसाला उभे करणे ही दैवगती नव्हे, ती मालकाने केलेली बचत आहे. दुसरा माणूस नेमला तर मजुरी दुप्पट होते. एकच ठेवला तर जोखीम त्याची आणि नफा आपला. शिवाय परवान्याबाहेर रोखीने काम करणाऱ्या मुलाला लुटले गेले तरी पोलिसांत जाण्याची सोय नसते, कारण तक्रार केली की आधी त्याचाच व्हिसा धोक्यात येतो. कायद्याने ज्याला मुके केले, त्याला सावध राहा म्हणून सांगण्यात काय हशील?

आपल्या सरकारची भूमिका यात कौतुकास्पद नाही. 1983 च्या उत्प्रवास कायद्याने अल्पशिक्षित मजुराला थोडेफार कवच दिले. 2003 पासून त्याच्यासाठी सक्तीचा विमा आला, आणि 2017 नंतर त्याची रक्कम दहा लाखांची झाली. विद्यार्थी मात्र या कवचाबाहेर आहे. वकिलातींत 2009 पासून कल्याणनिधी आहे. तो प्रामुख्याने परदेशस्थ भारतीयांच्याच कामांवरील शुल्कातून भरला जातो. म्हणजे मदतीचा पैसाही त्यांचाच. जागतिक बँकेच्या अंदाजाने 2024 साली या लोकांनी मायदेशी सुमारे 129 अब्ज डॉलर पाठवले. डॉलर मोजायला खाती तत्पर आहेत, माणसे मोजायला नाहीत. मार्च 2025 मध्ये म्यानमारमधल्या सायबर-फसवणुकीच्या छावण्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना तेथे पोचवणारे दलाल आपल्याच गावांतून आणि शहरांतून वावरतात, हे विसरून चालणार नाही.

परंतु परक्यांवर ठपका ठेवून आपण हात झटकू शकत नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला. मेलबर्नच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तेव्हा निषेधाचा शब्द काढला? दिवाळीत देवळीची बाजारपेठ दिव्यांनी उजळते, तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या एखाद्या खोलीत परप्रांतीय मजूर एकटा राहिलेला असतो. आपला मुलगा शिकागोत जो आहे, तोच हा देवळीत आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला. त्याची नोंदणी कशी कागदावरच राहिली, हे 2020 च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत निघालेल्या लोंढ्यांनी साऱ्या देशाला दाखवले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा आरोग्य व अपघात विमा सक्तीचा करावा, आणि त्याच्या शिक्षणावर नफा कमावणाऱ्या बँकेने व दलालाने त्याचा वाटा उचलावा. सणासुदीच्या काळात वकिलातींची मदतयंत्रणा बंद न ठेवता वाढवावी. दलालांची नोंदणी तालुक्याच्या ठिकाणी लोकांसमोर लावावी. लुटल्या गेलेल्या माणसाला व्हिसाची धास्ती न बाळगता तक्रार करता येईल, असे करार इतर देशांशी करावेत. आणि हेच सारे आपल्या दारी राबणाऱ्या परप्रांतीयालाही मिळावे. नाहीतर पहिल्या चार मागण्या करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला या संदर्भात एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. जानेवारी 1897 मध्ये डरबनच्या रस्त्यावर गोऱ्या जमावाने गांधीजींना मारले, तेव्हा तेथील पोलीस अधिकाऱ्याची पत्नी आपली छत्री उघडून मध्ये उभी राहिली. पुढे मारणाऱ्यांवर खटला भरण्याची तयारी सरकारने दाखवली, तेव्हा गांधीजींनी नकार दिला. दोष त्या पोरांचा नव्हे, खोट्या बातम्यांनी त्यांना चिथावणाऱ्या पुढाऱ्यांचा आणि सरकारचा आहे, हे त्यांचे म्हणणे होते. परक्या मुलखात माणूस वाचतो तो शेजारी मध्ये उभा राहिल्याने, आणि गुन्हा थांबतो तो त्याचे मूळ शोधल्याने. आपल्या मुलांना गरीब दिसायला शिकवण्यापेक्षा, गरिबालाही निर्धास्त चालता येईल असे रस्ते मागणे, परदेशात आणि देवळीतही, हेच खरे सुरक्षिततेचे राजकारण होय.